सुनेच्या नावचा आवाज

भोईट्यांच्या घरी कुणीही कागद घेऊन आलं, की दारात जायचं ते शैलजाबाईंनी. तसा रिवाजच पडून गेला होता. शिरगणतीवाला येवो, विम्याचा माणूस येवो, नाहीतर पाणीपट्टीवाला. घरात माणसं किती, शिकलेली किती, कुणाला साखर, कुणाला बीपी, सगळं त्या एका दमात सांगून मोकळ्या. नवरा हयात होता तेव्हा तो आत पेपर चाळत बसायचा आणि त्याच्या गुडघेदुखीची हकिकत बाई बाहेर उभ्या राहून सांगायच्या. त्यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्यामुळे आरोग्यताई वंदना ती नवी पेटी घेऊन आली, तेव्हा बोलायचं कुणी हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नाही. आणि सगळं बोंबललं ते तिथंच.

पेटी होती जेवणाच्या डब्याएवढी. सरकारी कागदावर तिचं नाव स्वरनिदान यंत्र. गावानं आठ दिवसांत तिची बोलपेटी करून टाकली. नव्यानं बाळंत झालेल्या प्रत्येक बाईनं महिन्याच्या आत त्या पेटीपुढं एक मिनिट बोलायचं, असा हुकूम निघाला होता. का, तर बाळंतपणानंतर कितीतरी बायकांचं मन आतल्या आत खचत जातं आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही. बाई हसते, पाहुण्यांना चहा देते आणि एक दिवस नको ते होऊन बसतं.

माणूस बोलतो तेव्हा छाती, गळा, जीभ, ओठ मिळून शंभरेक स्नायू हलतात, आणि त्या सगळ्यांना तालात ठेवायचं काम मेंदू करतो. मन खचलं की तो ताल किंचित ढिला पडतो. दोन शब्दांमधली फट केसभर वाढते. आवाजातले चढउतार कमी होतात. वाक्य संपता संपता श्वास निसटतो. आपल्या कानाला यातलं काही कळत नाही, कारण आपण शब्द ऐकत बसतो. पेटी शब्द ऐकतच नव्हती. बाई सुखाचं सांगते की दुःखाचं, खरं सांगते की खोटं, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती फक्त फटी मोजायची. लाखो बायकांचे आवाज ऐकवून तिला तयार केलेलं. फक्त एका गोष्टीची तिला मनाई होती. आवाजावरून माणूस ओळखायचा नाही. नाव नाही, वय नाही, काही नाही. लोकांच्या घरात उगाच डोकावणं नको म्हणून तसा कायदाच होता. कायदा चांगलाच होता म्हणा; तो करणाऱ्यांनी भोईट्यांचं घर पाहिलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी केतकीला बाळंत होऊन वीस दिवस झाले होते. तिची आई ती कॉलेजात असतानाच वारली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही शैलजाबाईंनी ते सासरीच केलं. हौसेनं केलं, आणि थोडं गावाला दिसावं म्हणूनही केलं. शेक-शेगडी, धुरी, अळिवाचे लाडू, कशात काही कमी नव्हतं.

"काकू, केतकीला बोलवा की जरा. एकच मिनिट," वंदना म्हणाली.

"ओली बाळंतीण आहे ती. बाहेर येत नसते."

"मग मी जाते आत."

"चार घरं फिरून आलेली तू, आत कुठं जातेस? आणि बाळंतिणीचा आवाज पेटीत भरून गावभर हिंडवणार होय गं? सव्वा महिना होऊ दे. मग एक सोडून दहा मिनिटं घे."

"या फेरीची मुदत आज संपतीय काकू. अजून सात घरं राहिलीत. वरून बोलणी मला बसतात."

"मग मी बोलते की. तुला बाईमाणसाचा आवाज पाहिजे ना?"

वंदनानं पेटीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. "बोला," ती म्हणाली. "तिला कुठं कळतंय."

काचेवर अक्षरं उमटली: काल दिवसभर काय केलंत ते सांगा. शैलजाबाईंनी पदर सावरला, घसा खाकरला आणि केतकी होऊन सांगायला लागल्या. सकाळी उठले, बाळीला पाजलं, अंगाला तेल लावून घेतलं, धुरी घेतली, सासूबाईंनी बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी दिली ती खाल्ली, मग झोपले. मध्ये एकदा त्या मुद्दाम हसल्याही, बाळंतीण आनंदात असावी म्हणून. मिनिट संपलं. वंदनानं केतकीच्या नावापुढं बरोबरची खूण केली, चप्पल पायात सरकवली आणि पळाली.

कुणाच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं, हे मात्र आधीच सांगून ठेवायला हवं.

आठव्या दिवशी वंदना परत आली ती एकटी नाही. बरोबर तालुक्याच्या मनोविकारतज्ज्ञ, डॉक्टर मुजावर. चष्म्याआडून मऊ बघणाऱ्या, घाई नसलेल्या बाई. घरात त्या वेळी शैलजाबाईंचा मुलगा हर्षल होता आणि बाळीला बघायला आलेल्या विजयावन्सं, म्हणजे शैलजाबाईंच्या मोठ्या नणंद. वन्सं घरात असल्या की भिंतींनाही ताठ उभं राहावं लागायचं.

डॉक्टरांनी केतकीला बाहेर बोलावून शेजारी बसवलं. "घाबरायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या आवाजाचा निकाल लाल आला आहे. म्हणजे मन फार थकलंय. नुसतं थकलेलं नाही, स्वतःला संपवावं असे विचार येत असतील, इथपर्यंत. आपण वेळेवर पोचलोय."

केतकी आधी डॉक्टरांकडं बघत राहिली, मग हसली. "माझा? अहो, पण मी कधी बोलले पेटीत?"

त्या एका क्षणात शैलजाबाईंना सगळं समजलं. आपण कुणालाच न सांगितलेलं गुपित त्या डब्याएवढ्या पेटीनं ओळखलं होतं.

गुपित तरी कसलं? दोन वर्षं झाली, त्यांना कशाची चवच लागत नव्हती. पहाटे जाग आली की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. नवरा गेला त्याचं दुःख म्हणावं, तर दुःख त्यांना ठाऊक होतं. दुःखात रडू येतं. हे तसं नव्हतं. यात काहीच येत नव्हतं. घरच्या रोपवाटिकेतल्या शेततळ्यापाशी गेल्या, की पाणी बरं दिसायचं. पण घर भरलेलं, मुलगा गुणी, सून गुणी, उसाच्या रोपांना चार तालुक्यांतून मागणी. आणि आपल्याला मरावंसं वाटतं? असं सांगायचं तरी कुणाला? लाज वाटायची. सुखानं राहायच्या जागी हे काय भलतंच, म्हणून स्वतःचीच किळस यायची. म्हणून त्या आणखी पहाटे उठायच्या, आणखी काम करायच्या, आणखी मोठ्यानं बोलायच्या.

"असं काय करतेस केतकी," वंदना घाईघाईनं म्हणाली, "मी आत येऊन नाही का आवाज घेतला? तू अर्धवट झोपेत होतीस." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मला काहीच आठवत नाही. अहो आई," केतकी सासूकडं वळली, "तुम्ही होतात ना घरात? तुम्हीच सांगा. बोलले का मी?"

सगळे शैलजाबाईंकडं बघायला लागले. हर्षल, डॉक्टर, कोपऱ्यातून वन्सं. खरं बोलायला किती लागतं? चार शब्द. तो आवाज माझा होता. वन्संच्या डोळ्यांत त्यांना उद्याचं गाव दिसलं. दळणाच्या गिरणीत, सोसायटीत, सगळीकडं एकच बोलणं, शैलजा भोईटेच्या डोक्यावर परिणाम झालाय.

"झोपेत होतीस गं तू," त्या म्हणाल्या. "बोललीस की. मी ऐकलं ना."

डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि हळूच हर्षलला म्हणाल्या, "अशा आजारात आठवण चुकते. मला काही झालेलं नाही, असंही पेशंट म्हणतो. वाद घालू नका."

मग नियम सांगितले गेले. वीस दिवस, रोज अर्धा तास, कपाळाला पट्टा बांधायचा. डाव्या बाजूला, केस सुरू होतात त्याच्या जरा आत, मेंदूचा एक भाग मंद पडलेला असतो. पट्ट्यातलं चुंबक कवटीतून तिथवर बारीक ठोके पाठवतं आणि झोपलेल्या पेशींना हलवून जागं करतं. ना सुई, ना भूल. दुधावर परिणाम नाही. आणि लाल निकाल असेतो बाळ आईजवळ एकटं ठेवायचं नाही. पाजायपुरतं द्यायचं, बाकी घरातल्या धडधाकट बाईनं सांभाळायचं.

"आमची वहिनी आहे की खंबीर," वन्सं म्हणाल्या. शैलजाबाईंना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

दुसऱ्या दिवशी वंदना रोपवाटिकेत आली. शेडनेटखाली शैलजाबाई ट्रेमध्ये कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरत होत्या. तेवढ्यापुरती बाळी हर्षलजवळ होती. वंदना ट्रे सरळ करत नुसतीच उभी राहिली.

"काकू, तुम्ही सांगितलं तर माझी नोकरी जाते. नुसती जात नाही, खोटी नोंद केली म्हणून केस होते."

"आणि नाही सांगितलं तर?"

"पट्ट्यानं काही अपाय नाही म्हणे. बऱ्या माणसाला बांधला तरी काही होत नाही. वीस दिवसांनी पुन्हा आवाज घ्यायचा, तो तिचा तिनं द्यायचा, हिरवा येईल. मिटलं."

"बऱ्या माणसाला बांधून बघितलाय का कुणी?"

वंदनाला ते ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, "काकू, तुम्हाला... खरंच तसं होतं का? लाल?"

"गप गं," शैलजाबाई फटकन म्हणाल्या. "पेटीत काहीतरी बिघाड असेल." दोघींनाही ते खरं वाटलं नाही, आणि दोघींनीही ते मान्य केलं. वीस दिवसांचा तर प्रश्न आहे, असं एकमेकींना सांगून दोघी आपापल्या कामाला लागल्या.

पण वीस दिवस म्हणजे थोडे नसतात. पट्टा बांधला की केतकीची डावी भुवई टकटक उडायची. डोकं ठणकायचं, झोप उडाली होती. ते एक वेळ सोसलं असतं पोरीनं. सोसवत नव्हतं ते दुसरंच. हर्षल चांगला मुलगा. तो काही वाईट बोलला नाही. त्यानं फक्त गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. न बोलता स्वयंपाकघरातली मोठी सुरी उचलून ठेवली. फवारणीची औषधं गड्याच्या खोलीत हलवली. केतकी पाजायला बसली, की तो दारात उभा राहायचा, मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करत. पाजून झालं, की "दे" म्हणायचा.

"मी काय करणार आहे रे तिला?" केतकीनं एकदा विचारलं.

"तू नाही गं. आजार."

वन्सं रोज चौकशीला येऊ लागल्या. केतकीच्या माहेरी असं कुणाला होतं का, तिची आई नेमकी कशानं गेली, हे आडून आडून विचारून झालं. केतकीचं हसणं कमी झालं. ती एकदा दुपारी शैलजाबाईंच्या मागं मागं कोठीच्या खोलीत आली. हातात काही नव्हतं, उगीच आली होती.

"अहो आई, खरं सांगा. मी काय बोलले त्या दिवशी?"

"काय बोलणार? दिवसभर काय केलं ते."

"म्हणजे काय काय?"

आणि शैलजाबाईंनी सांगितलं. बाळीला पाजलं म्हणालीस, धुरी घेतली म्हणालीस, बाजरीची भाकरी खाल्ली म्हणालीस. मध्ये हसलीससुद्धा. बोलता बोलता त्यांना स्वतःचीच शिसारी आली. किती सराईतपणे आपण हे सांगतोय.

"सगळं खरंय ते," केतकी पुटपुटली. "मग मीच बोलले असणार. मला आठवत नाही, म्हणजे मला खरंच झालंय काहीतरी." ती कोठीतल्या पिंपाला टेकून उभी राहिली. "मला माझाच भरवसा वाटत नाही आता. बाळीला घेतलं की हात थरथरतात. वाटतं, हे म्हणतात तसं काही केलं मी तर?"

तेव्हाच सांगायचं. दार लोटून घ्यायचं, तिचे पाय धरायचे आणि सांगायचं. कोठीत तिसरं माणूस नव्हतं. शैलजाबाईंनी पिंपावरचं झाकण उचललं, परत ठेवलं आणि म्हणाल्या, "चहा टाकते." पुढं कितीतरी दिवस त्यांना त्या चहाचीच लाज सगळ्यात जास्त वाटत राहिली.

वीस दिवस व्हायची वाट न बघता पंधराव्या दिवशीच डॉक्टर पेटी घेऊन स्वतः आल्या. सव्वा महिना उलटला होता. केतकी सगळ्यांसमोर बसून बोलली. तिचा तिनं, तिच्या तोंडानं. पेटीनं तिथल्या तिथं निकाल दिला. वंदना मान लांब करून बघत होती, हिरव्याची वाट बघत.

लालच आला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "पट्टा लागू पडत नाहीये," त्या हर्षलला म्हणाल्या. "घरी ठेवणं आता धोक्याचं. जिल्ह्याच्या केंद्रात महिनाभर ठेवू. बाळ मात्र तिथं नेता येणार नाही. वरचं दूध सुरू करावं लागेल." गाडी दुसऱ्या दिवशी दहा वाजता यायची ठरली. केतकी ना रडली, ना भांडली. ती उठून आत गेली आणि बाळीची झबली घड्या घालत बसली.

शैलजाबाईंनी वंदनाकडं पाहिलं. वंदना जमिनीकडं बघत होती. पेटी या खेपेला अगदी बरोबर बोलली होती. चांगल्या हसत्याखेळत्या पोरीला पंधरा दिवस वेडी म्हणून वागवलं होतं सगळ्यांनी. आता तिचं मन खरंच खचलं होतं. आणि हे आपण केलं. पेटीनं नाही, चुंबकानं नाही. मी केलं.

जेवणं झाल्यावर त्या बाळीला खांद्यावर घेऊन बाहेर पडल्या. ऊन चांगलं तापलं होतं. बाळीला झोपवायला रोपवाटिकेतून एक चक्कर मारायची, एवढंच मनात होतं. पुढचं त्यांना नीट सांगता येत नाही. शुद्ध आली म्हणावं, तर शुद्ध गेली नव्हती. बाळी एकदम टाहो फोडून रडली, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. कुंपणाचं फाटक उघडं होतं. त्या शेततळ्याच्या आतल्या उतारावर उभ्या होत्या, तळ्यात अंथरलेल्या काळ्या गुळगुळीत प्लॅस्टिकच्या कागदावर, आणि पाणी पायांच्या बोटांना लागत होतं. बाळीचं टोपडं उन्हानं कढत झालं होतं. म्हणजे बराच वेळ झाला असणार. किती, ते ठाऊक नाही. फाटक कधी उघडलं, आठवत नाही. चप्पल मात्र वर काठावर नीट जोडून काढून ठेवलेली होती.

त्या खाली बसल्या आणि एका हातानं बाळीला छातीशी दाबून, दुसरा हात मागं टेकत, ढुंगणावर सरकत सरकत वर आल्या. वर आल्यावर त्यांना ओकारी झाली. धडधाकट बाईच्या हाती बाळ द्यायचं, असा नियम होता. तो पाळला गेला होता.

दुसऱ्या दिवशी दहाला गाडी फाटकाशी लागली. डॉक्टर, वंदना, हर्षल, आणि वन्सं तर नऊपासूनच हजर. केतकी पिशवी घेऊन पायरीवर उभी होती. बाळी शैलजाबाईंच्या कडेवर होती. हर्षलनं पिशवीला हात घातला, तेव्हा शैलजाबाई म्हणाल्या, "थांब. ती जायची नाही. तो पहिला आवाज तिचा नव्हता. माझा होता."

"आई, आता काय हे?"

"मी बोलले होते तिच्या जागी. बाळंतिणीनं बाहेर येऊ नये म्हणून. ही वंदना होती समोर. विचारा तिला."

डॉक्टरांनी वंदनाकडं पाहिलं. "नाही मॅडम," ती म्हणाली. "आवाज केतकीचाच होता."

आणि मग काय व्हावं? वन्संनी डोळ्यांना पदर लावला. "बघा, किती माया! सुनेला वेड म्हणू नये म्हणून स्वतःवर ओढून घेतीय. अशी सासू मिळायला पुण्याई लागते." हर्षलनं आईच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचेही डोळे भरून आले होते. डॉक्टर अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "तुमचं मन कळतंय मला. पण अशानं तिचा इलाज थांबेल."

पंधरा दिवस खोटं बोललेलं सगळ्यांनी खरं मानलं होतं, आणि आता खरं बोलल्यावर कौतुक! शैलजाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षणभर, खोटं कशाला सांगायचं, मोहही झाला. प्रयत्न तर केला आपण. कुणी ऐकलं नाही, त्याला आपण काय करणार? गाडी जाईल. लोक नावाजतील.

केतकी तेवढी त्यांच्याकडं टक लावून बघत होती. तिनं कौतुक केलं नव्हतं.

"काल दुपारी," शैलजाबाई तिलाच म्हणाल्या, "मी शेततळ्यात उतरले होते. हिला घेऊन. पाणी पायाला लागलं होतं. ही रडली म्हणून भानावर आले. रडली नसती, तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही." त्या थांबल्या नाहीत. "हे काही पहिल्यांदा नाही. एकटी तर मी कितीदा तिथं गेलेय. दोन वर्षं झाली. मला मरावंसं वाटतं केतकी. लाज वाटली म्हणून बोलले नाही. तू विचारलंस, तेव्हाही तुझ्या तोंडावर खोटं बोलले. कोठीत विचारलंस, तेव्हाही. तुला काही नव्हतं झालेलं. जे झालं ते मी केलं."

हर्षलचा खांद्यावरचा हात निघाला, ते त्यांना कळलं. वन्संचा पदर डोळ्यांवरून तोंडावर आला. वंदना रडायलाच लागली. "हो मॅडम, काकूंचाच होता. मी केलं. मुदत संपत होती..."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी हिच्याशी पाच मिनिटं बोलत बसले असते तर," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पण मी निकाल वाचत बसले." त्यांचा चेहरा लाल झाला होता.

केतकी पायरीवरून उतरली. "बाळी द्या इकडं," ती म्हणाली. शैलजाबाईंनी दिली. या खेपेला दारात कुणी उभं राहिलं नाही, कुणी "दे" म्हणालं नाही. केतकीचे हात थरथरत होते, तरी तिनं तिला घट्ट धरलं, बाळीचे पाय, पाठ, डोकं सगळं चाचपून पाहिलं आणि मग सासूकडं पाठ फिरवून उभी राहिली.

कुणीही सांगायच्या आधी शैलजाबाई गाडीत जाऊन बसल्या. पिशवी नाही, लुगडं बदललेलं नाही, तशाच. डॉक्टरांनी केतकीला सांगितलं की पट्टा आजपासून बंद, मी परवा येते, आणि आधी तुमची माफी मागायला येते. हर्षल गाडीपर्यंत आला, आईकडं न बघता त्यानं दार लावलं आणि पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. शैलजाबाई खिडकीतून बाहेर बघत नव्हत्या. बघायचं तरी कुठल्या तोंडानं?

गाडी सुरू झाली तेव्हा काचेवर टकटक झाली. केतकी होती, बाळीला खांद्यावर घेऊन. शैलजाबाईंनी काच खाली केली.

"अहो आई," ती म्हणाली, "तुमचा राग आलाय मला. फार आलाय. तो इतक्यात जायचाही नाही." तिला धाप लागली होती. "पण तुम्ही बऱ्या होऊन या. मला भांडायचंय तुमच्याशी, आणि आजारी माणसाशी मला भांडता यायचं नाही."

शैलजाबाई "हो" म्हणाल्या. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या.